शस्त्रक्रियेनंतरची वीस वर्षे

इ. स. १८८१ हे वर्ष वैद्यकाच्या इतिहासात दोन घटनांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी २९ जानेवारी रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने कर्करोगाने ग्रासलेल्या एका स्त्रीच्या जठराचा रोगट भाग कापून काढला आणि उरलेले जठर आतड्यास जोडून दिले. त्यापूर्वी असे धाडस करणाऱ्यांच्या पदरी अपयशच आले होते. बिलरोथची रोगी शस्त्रक्रियेतून वाचली आणि अन्न घेऊ लागली; पण कर्करोग पुन्हा उद्भवून सुमारे चार महिन्यांनी तिला मृत्यू आला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल वेर्निके या मेंदूच्या विकारांच्या अभ्यासकाने तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक शिवणकाम करणारी तरुणी होती. गंधकाम्ल पिऊन तिने आपल्या जठराची हानी करून घेतली होती. तिला उलट्या थांबेनात. पुढे तिच्या डोळ्यांची हालचाल मंदावली, पाय लटपटू लागले, बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि त्यातच तिचा अंत झाला.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसेल. पुढे शंभर वर्षांच्या आत मात्र त्या एकाच रोग्याच्या देहात एकत्र आल्या. वजन उतरविण्यासाठी ज्यांचे जठर लहान करण्यात आले, अशा काही रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होऊ लागल्या आणि थोड्याच आठवड्यांत वेर्निकेने वर्णिलेली लक्षणे त्यांच्या ठायी प्रकट झाली. हे कसे घडले, याचा इतिहास उद्बोधक आहे. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. पण तिचे बरेवाईट ठरावयास कधी कधी एक पिढी जावी लागते, हाच त्या इतिहासाचा धडा होय.

बिलरोथनंतर जठराची शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठराच्या व्रणासाठीही जठराचा मोठा भाग काढून टाकीत असत. व्रण बरा होई, पोटदुखी थांबे आणि रोगी समाधानाने घरी जाई. काही वर्षांनी मात्र तोच रोगी फिकट चेहऱ्याने आणि थकल्या पायांनी परत येई. जेवणानंतर घाम सुटणे, छातीत धडधडणे, भोवळ येणे हे त्रासही कित्येकांना जडत. अन्न जठरात न रेंगाळता एकदम आतड्यात कोसळते, हे त्याचे कारण होते. रक्तक्षयाचा उलगडा व्हावयास मात्र वेळ लागला. बोस्टन येथील विल्यम कॅसल यांनी १९२९ साली दाखवून दिले की, निरोगी जठरातून एक विशिष्ट द्रव्य पाझरते आणि त्याच्या साहाय्यावाचून अन्नातील रक्तवर्धक घटक अंगी लागत नाही. १९४८ साली तो घटक हाती आला. आज आपण त्यास ब-१२ जीवनसत्त्व म्हणतो.

येथे देहाच्या कोठाराचा विचार करावयास हवा. ज्या घरात धान्याची कणगी भरलेली असते, तेथे पेरणी चुकली तरी त्या वर्षी उपासमार होत नाही. शरीराचेही तसेच आहे. यकृतात ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा कित्येक वर्षांचा असतो, म्हणून त्याची उणीव दिसावयास तीन-चार वर्षे लागतात. लोहाचा साठा त्याहून लवकर ओसरतो. हाडांतील कॅल्शियम तर इतक्या हळूहळू झिजते की, पहिली वार्ता कधी कधी मोडलेले हाडच देते. उलट ब-१ या जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. त्या शिवणकाम करणाऱ्या तरुणीच्या आजाराचे मूळ यातच होते. रोग्याची प्रकृती तपासावयाची कधी, हे या कोठारांवरून ठरते. सहाव्या महिन्यात सर्व ठीक दिसले म्हणून सहाव्या वर्षी ते ठीकच असेल, असे नाही.

लठ्ठपणावर शस्त्रक्रियेचा उपाय करण्याचे प्रयत्न १९५० नंतर सुरू झाले. १९५२ साली स्वीडनमधील हेन्रिकसन यांनी वजन कमी व्हावे म्हणून एका स्त्रीच्या लहान आतड्याचा काही भाग काढून टाकला. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले आणि आतड्याचा कोणता भाग पोषणास किती आवश्यक आहे, याचा शोध घेतला. त्यानंतर लॉस एंजेलिस येथील पेन व डीविंड यांनी १९५६ पासून आतड्याचा बहुतेक भाग अन्नमार्गातून वगळण्याची शस्त्रक्रिया आरंभिली. प्रारंभी त्यांनी लहान आतड्याचा वरचा तुकडा सरळ मोठ्या आतड्यास जोडला. अनावर जुलाब व क्षारांची उणीव यांमुळे ती रीत सोडून द्यावी लागली. मग १९६९ साली त्यांनी नवी मापे सुचविली: आतड्याचा वरचा १४ इंच भाग घ्यावा, तो शेवटच्या ४ इंचांस जोडावा आणि मधले सारे बाजूस ठेवावे. सुमारे वीस फुटांच्या आतड्यापैकी अवघे दीड फूट अन्नाच्या वाटेवर उरले!

वजन उतरले, आणि झपाट्याने उतरले. रोगी आनंदले आणि शस्त्रक्रिया अनेक ठिकाणी होऊ लागली. परंतु वर्षे लोटली तसतसे दुसरे चित्र पुढे आले. कोणाचे यकृत निकामी झाले. कोणास वारंवार मुतखडे होऊ लागले. न पचलेला स्निग्धांश आतड्यातील कॅल्शियम अडकवून ठेवी, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरे आणि मूत्रपिंडात खड्यांच्या रूपाने साचे. वगळलेल्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होऊन सांधे सुजत. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येई, ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ पडत. अनेकांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडली. शल्यविशारदांचा हात चुकला, असे येथे घडले नव्हते. काट्यावर उतरलेले वजन यशाचे एकमेव माप मानले गेले, दोष तेथे होता.

या अनुभवातून धडा घेणाऱ्यांत आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. व्रणासाठी जठर कापलेल्या रोग्यांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्या निरीक्षणावरून १९६६ साली त्यांनी इटो यांच्यासह जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया केली. परंतु मेसन यांचे मोठेपण केवळ या कल्पनेत नाही. त्यांनी १९८६ साली रोग्यांची नोंदवही उघडली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे पुढे काय झाले, कोण कृश झाला, कोण पुन्हा लठ्ठ झाला, कोणास कोणता विकार जडला, याची नोंद अनेक रुग्णालयांतून एकत्र करण्याचा हा उपक्रम होता. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेनेही अशा रोग्यांवर आयुष्यभर देखरेख हवी, असे बजावले. मेसन १०० वर्षांचे आयुष्य भोगून २०२० च्या डिसेंबरात निवर्तले.

असाच दीर्घ अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली लार्स शेस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले २,०१० आणि तशाच प्रकृतीचे पण शस्त्रक्रिया न केलेले २,०३७ लोक यांची तुलना वर्षानुवर्षे करण्यात आली. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, ही गोष्ट २००७ साली प्रसिद्ध झाली. हा लाभ लहान नव्हे. पण त्याच अभ्यासाचे दुसरे आकडेही तितक्याच लक्षपूर्वक वाचले पाहिजेत. जठर आतड्यास जोडलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. ज्यांना मधुमेह होता, त्यांच्यापैकी ७२ टक्के लोक दोन वर्षांनी त्यातून मुक्त होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. २०२० साली काढलेल्या हिशेबात शस्त्रक्रियेने सुमारे तीन वर्षे आयुष्य वाढल्याचे दिसले. तथापि ते सर्वसामान्य लोकसंख्येच्या आयुर्मानापेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

काही संकटे तर कोणाच्या कल्पनेतही नव्हती. २००५ साली अमेरिकेतील मेयो रुग्णालयाच्या वैद्यांनी अशा सहा रोग्यांची हकीकत सांगितली की, ज्यांच्या रक्तातील साखर जेवणानंतर धोकादायक पातळीपर्यंत खाली येत असे. २००७ साली यूटा राज्यातील अभ्यासात रोगांनी येणारे मृत्यू घटलेले दिसले. पण अपघात, आत्महत्या अशा अन्य कारणांनी येणारे मृत्यू मात्र वाढलेले आढळले. २०१२ साली असे दिसून आले की, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते; जठराचा मार्ग बदलल्यामुळे मद्य रक्तात लवकर व अधिक प्रमाणात चढते. देह हलका झाला म्हणून मनाचा भार हलका होतोच असे नाही, हे यावरून ध्यानी येते.

आपल्या देशाने या विषयास दिलेला वारसाही विसरण्याजोगा नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेल्या बेरीबेरीच्या चौकशीत आहे. ती संस्था १९५८ साली हैदराबादेस आली. बेरीबेरी आणि वेर्निकेचा विकार ही दोन्ही ब-१ जीवनसत्त्वाच्या उणिवेचीच अपत्ये. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आल्या आणि गरोदर गरीब स्त्रियांच्या रक्तक्षयाचे कारण शोधीत यीस्टच्या अर्कापर्यंत पोहोचल्या. त्यातूनच पुढे फोलिक आम्लाचा शोध लागला. आज वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण स्त्रीस निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा व पुढे फोलिक आम्ल नियमाने घेण्याचा सल्ला देतात, त्यामागे हे जुने श्रम उभे आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले की, भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी त्याच्या अंगात मेद अधिक असू शकतो. आणि ब-१२ ची उणीवही आपल्याकडे फार आढळते. शाकाहारी घरातील कणगी शस्त्रक्रियेपूर्वीच अर्धी रिकामी असेल, तर नंतर काय होईल, याचा विचार वैद्याने व रोग्याने दोघांनीही केला पाहिजे.

या साऱ्यावरून शस्त्रक्रिया वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अतिस्थूलतेने गांजलेल्या कित्येकांना तिने चालते-फिरते केले, कामावर परत पाठविले. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी रोग बरा होत नाही. त्या दिवशी एक नवे पथ्य सुरू होते. ठरलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, हाडांची काळजी आणि उलट्या थांबत नसतील तर विलंब न करता ब-१ चे इंजेक्शन, ही या पथ्याची मुख्य अंगे होत. उलट्यांनी थकलेल्या रोग्याच्या शिरेत नुसते साखरेचे पाणी सोडले, तर ब-१ चा उरलासुरला साठाही संपतो आणि मेंदूचा विकार बळावतो. कित्येकदा मात्र असे होते की, दोन वर्षांनी प्रकृती ठणठणीत वाटते, गोळ्यांचा खर्च जड होतो, दवाखाना दूर असतो आणि रोगी जावयाचे थांबवितो. धोका नेमका तेथून पुढे असतो.

आता वजन उतरविणारी इंजेक्शने आली आहेत आणि २०२१ पासून त्यांचा बोलबाला विशेष वाढला आहे. त्यांचे यशही काट्यावर मोजले जात आहे. १९६९ साली चौदा इंच आणि चार इंच मोजणाऱ्यांनाही आपली मापे बिनचूक वाटत होती. ती चुकीची होती हे शेवटी रोग्यांच्या नोंदींनीच सांगितले. औषध असो वा शस्त्र, ज्याने तो उपाय पत्करला, त्याची विचारपूस दहाव्या व विसाव्या वर्षीही करणारा कोणी असला पाहिजे.