केतुबा आणि अंतहीन पाणी

यहुदी विवाहविधीत वराकडून वधूस जो करारलेख मिळतो, त्यास केतुबा म्हणतात. त्यात प्रीतीचा उच्चार जवळजवळ नसतो; असतात ते आकडे, अटी आणि साक्षीदारांच्या सह्या. या धर्मशास्त्राने विवाहाला निव्वळ देवघेव मानले, असा समज यावरून होणे स्वाभाविक असले तरी तो खोल दृष्टीचा नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात कुमारिकेसाठी किमान २०० झूझ व विधवेसाठी १०० झूझ सांगितले आहेत. ही रक्कम लग्नाच्या दिवशी द्यावयाची नसून घटस्फोट किंवा वैधव्य यांच्या प्रसंगी द्यावयाची आहे. पूर्वी ती वेगळी काढून ठेवीत. परिणामी रागाच्या भरात पत्नीस घालवून देणे पतीला फार सोपे जाई. म्हणून इ. स. पूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह याने पतीची सर्व मालमत्ताच या ऋणाला तारण ठरविली, असे तालमुदाची परंपरा सांगते. मनुष्याचा क्रोध उपदेशाने आवरत नाही, हे या शास्त्रकारांनी नीट ओळखले होते.

त्याहून सूक्ष्म आहे तो दांपत्यधर्माचा विचार. पतीने पत्नीपासून किती काळ दूर राहावे हे मिश्ना व्यवसायपरत्वे ठरवून देते: गाढववाल्यास एक आठवडा, उंटवाल्यास तीस दिवस, खलाशास सहा महिने. येथे हक्क पत्नीचा आहे आणि कर्तव्य पतीचे.

परंतु समुद्र सहा महिन्यांची मर्यादा पाळीत नाही. पती परतला नाही आणि त्याच्या मृत्यूचा पुरावाही मिळाला नाही, तर पत्नी 'अगुना', म्हणजे जखडलेली, राहते. कारण घटस्फोटपत्र देण्याचा अधिकार पतीचाच. इतर व्यवहारांत दोन साक्षी मागणाऱ्या या शास्त्राने तिच्यासाठी एकच साक्ष पुरेशी मानली. स्त्रीची वा दासाचीही. मात्र ज्या पाण्याला काठ दिसत नाही अशा पाण्यात पती बुडाला असेल, तर तो क्षितिजापलीकडे किनाऱ्यास लागला असण्याचा संभव धरून तिला पुनर्विवाहाची मोकळीक नाकारली. एवढ्या करुणेने चाललेला विचार येथे येऊन अडखळतो, हे मान्य केलेच पाहिजे.

हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. जुन्या कैरोतील बेन एझ्रा सभास्थानात शतकानुशतके साठलेली कागदपत्रे १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी केंब्रिजला नेली आणि पुढे गॉइटाइन यांनी त्यांतून मध्ययुगीन यहुदी कुटुंब उभे केले. त्या काळी इजिप्तचे यहुदी व्यापारी मिरी आणि लाख यांसाठी मलबारपर्यंत येत. त्यांच्या विवाहलेखांत पत्नीच्या संमतीवाचून दुसरी स्त्री न करण्याची अट आढळते. दूरच्या प्रवासास निघताना सशर्त घटस्फोटपत्र ठेवून जाण्याचा प्रघातही दिसतो. हिंदुस्थानच्या व्यापारात वर्षानुवर्षे अडकलेला एक पती तर पत्नीस स्पष्ट कळवितो की, तिला मोकळे व्हावयाचे असल्यास तिने घटस्फोटपत्र स्वीकारावे, त्यासाठी तो तिला दोष देणार नाही. मात्र इतक्या वर्षांची प्रतीक्षा तिने वाया घालवू नये, अशी विनवणीही तो करतो. शास्त्राने न दिलेला अधिकार या गृहस्थाने आपण होऊन तिच्या हाती ठेवला.

जवळपास जाणे वगळता पत्नी पतीस व्यापारासाठी परदेशी जाण्यापासून अडवू शकते, असा नियम बाराव्या शतकात मैमोनिडीसने आपल्या धर्मसंहितेत नोंदविला. त्याचाच धाकटा भाऊ डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. बरोबर दोघांचा आणि इतरांचाही पैसा होता. मागे विधवा आणि लहान मुलगी राहिली, ती मैमोनिडीसच्या आधाराने. त्या दुःखाने आपण जवळजवळ वर्षभर अंथरुणास खिळलो होतो, असे त्याने ११८५ च्या सुमारास एका पत्रात लिहिले आहे. डेव्हिडने तांबड्या समुद्रावरील आयधाब बंदरातून भावास पाठविलेले पत्रही त्याच कागदांत सापडले. बंदरात निळीशिवाय घेण्यासारखे काही मिळाले नाही, म्हणून समुद्रापार जाण्याचे ठरविले, असे त्यात आहे; आणि घरच्या स्त्रियांना धीर द्यावा, असेही.