नवख्याचे प्रश्न आणि मुंबईची नावं

मुंबईत नव्यानं आलेला माणूस चर्चगेटला उतरतो आणि विचारतो, इथं चर्च कुठाय, गेट कुठाय? आपण जुने मुंबईकर हसतो. पण प्रश्न बरोबर आहे. चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं, १७१८ साली खुलं झालेलं सेंट थॉमस. गेट म्हणजे फोर्टच्या तटबंदीतला, त्या चर्चकडे जाणारा दरवाजा. आज जिथं फ्लोरा फाउंटन आहे, तिथं तो होता. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला. नाव मात्र पश्चिमेला सरकलं आणि स्टेशनला चिकटलं.

असे प्रश्न नवखाच विचारतो. म्हणूनच मला गोविंद नारायण माडगावकर आठवतात. जन्म गोव्यातला, १८१५चा. लहानपणीच ते मुंबईत आले. त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापून निघालं, म्हणजे नेमकं जुनं शहर मोडून नवं उभं राहत होतं तेव्हा. देवळं, बाजार, तळी, रस्ते, लोकांचे धंदे, सगळं त्यात आहे. मुंबईचं मराठीतलं पहिलं सविस्तर वर्णन एका बाहेरून आलेल्या माणसानं लिहिलं, हे लक्षात ठेवा.

आता त्यांच्यासारखंच थोडं हिंडू. पायधुणीला जा. चहूकडे दुकानं, हातगाड्या, गर्दी. पाण्याचा थेंब नाही. पण मुंबई सात बेटांची होती तेव्हा भरतीचं पाणी इथवर येई. चिखल तुडवून आलेला माणूस इथं पाय धुवायचा, म्हणून पायधुणी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. जवळच उमरखाडी आहे, तिथंही आता खाडी दिसत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारावर बांध पडला. त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणतात. त्यानं समुद्र अडवला आणि आतली जमीन हळूहळू कोरडी होत गेली. धोबीतलावात तलाव नाही, गवालिया टँकमध्ये टाकी नाही. ८ ऑगस्ट १९४२ची ‘छोडो भारत’ची सभा झाली ते मैदान बुजवलेल्या तलावावरचंच.

रस्त्याच्या कडेलाही बघा. काही जुन्या वस्त्यांत फुटपाथवर काळ्या दगडाचा खुंट दिसतो. तो मैलाचा दगड. सेंट थॉमसपासून किती मैल, ते त्यावर कोरलेलं असायचं. रस्त्यांची उंची वाढत गेली आणि असे कितीतरी दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. रोज त्यांना वळसा घालून जाणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

मंडळी, हे सगळं नुसत्या गमतीसाठी सांगत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी सखल भाग शोधत गेलं. तळं, खाडी, बांध हे शब्द ज्या नावांत आहेत, ती नावं म्हणजे पाण्याच्या जुन्या वाटांची नोंद आहे. आज चाळ पडते, टॉवर उभा राहतो आणि त्याला कुठल्याशा परदेशी बागेचं नाव मिळतं. जुनं नाव पुसलं, की आपल्या पायाखाली काय होतं हे विचारायचं निमित्तही जातं.

तेव्हा गावाहून आलेल्या भाच्यानं विचारलं, ‘मामा, इथं तळं कुठाय?’ तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर शोधायला निघा.