काचेवरचं आकाश आणि त्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाया

गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी सांगतो, तोंडी हिशेब चालत नाही, वहीत उतरला तोच खरा. आकाशाच्या बाबतीत असंच मानणारे एक शास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले, एडवर्ड पिकरिंग.

ते मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. नुसतं पुस्तक वाचून नाही, स्वतः प्रयोग करून, मोजून शिकायचं, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभी केली. १८७७ साली ते हार्वर्डच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. आधी पुरावा गोळा करा, तर्क मागून, ही त्यांची रीत.

पुरावा म्हणजे काचेच्या पट्टीवर घेतलेला फोटो. डोळ्यात प्रकाश साठत नाही. काच मात्र दुर्बिणीला लावून तासभर उघडी ठेवली की थेंबाथेंबाने प्रकाश साठतो आणि डोळ्याला न दिसणारा तारा उमटतो. काच जपली तर कुणालाही पुढे ताळा करता येतो. तिथे पुढे सुमारे पाच लाख काचा जमल्या.

रात्री दुर्बिणीवर पुरुष असत. दिवसा भिंग घेऊन ठिपके तपासायला बायका, त्याही कमी मजुरीत. त्यांच्यातल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी पिकरिंग यांच्या घरी कामाला होत्या. नवऱ्याने टाकलेल्या, पदरात मूल. १८८८ मध्ये एका काचेवर त्यांना घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार सापडला. पण तेजोमेघांची यादी छापली तेव्हा त्या शोधापुढे नाव लागलं पिकरिंग यांचं. १९०० साली फ्लेमिंगबाईंनी रोजनिशीत लिहून ठेवलं, मला वर्षाला १५०० डॉलर, इतर काही सहाय्यकांना २५००. घर चालवायची जबाबदारी तर माझ्यावरही आहे!

१९१२ मध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी २५ ताऱ्यांवरून दाखवलं की, कमीजास्त उजळणारा तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा फेरा लांब. त्यावरून दूरचं अंतर मोजता येऊ लागलं. ते पत्रक पिकरिंग यांच्या सहीने निघालं, पण सुरुवातीलाच लिहिलं होतं की मजकूर लेव्हिटबाईंनी तयार केलाय.

बायांनो, काचेने तारा जपला, पण तो कुणी शोधला हे काच सांगत नाही. ते माणसांनीच लिहावं लागतं. म्हणून गटाच्या इतिवृत्तात ठराव लिहिताना काम केलं त्या बाईचं नावही लिहू या, पूर्ण नाव.