गादीच्या पोटात काय?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवितो. परंतु परक्या देशात संसार मांडावयास निघालेल्यापुढे पहिला प्रश्न असतो तो अंथरुणाचाच. मसाल्याचे डबे येथून नेता येतात, पोळपाट-लाटणे नेता येते, आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडीदेखील पेटीच्या तळाशी मावते. गादी मात्र तेथे पोहोचल्यावरच विकत घ्यावी लागते, आणि तीही नव्या जागेचे भाडे, अनामत रक्कम व थंडीचे कपडे यांनी खिसा रिकामा झालेला असताना. मंडळाच्या कितीतरी भगिनींची मुले, मुली आणि सुना आज विलायतेत किंवा अमेरिकेत आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तिकडच्या गादीचा इतिहास थोडक्यात सांगावा, असे योजिले आहे.

प्रथम आपल्या गादीकडे पाहू. पिंजारी दारी येई, अंगणात जुन्या गादीची खोळ उसवी आणि धनुकलीच्या तातीवर कापूस पिंजावयास बसे. घरातील बाई उंबऱ्यात उभी राहून पाही. कापूस किती, त्यात सरकी किती, जुना किती आणि नवा किती घातला, हे सारे तिच्या डोळ्यांदेखत होई. गादी बसली, गोळे झाले, की पुन्हा पिंजून घ्यावयाची. खोळ बदले, कापूस बदले, पण गादी तीच राही. हल्ली शहरांतून पिंजारी क्वचितच दिसतो. तरी गादीच्या पोटात काय आहे हे गृहिणीला ठाऊक असणे, ही आपली जुनी रीत. पाश्चात्य देशांत गादी कारखान्यात शिवून तयार मिळू लागली आणि हे ठाऊक असणेच नाहीसे झाले. तिकडच्या गादीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ते ज्ञान परत मिळविण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

इंग्रजीतील 'मॅट्रेस' हा शब्द मूळचा अरबी. 'मतरह' म्हणजे जेथे काही टाकावयाचे ती जागा. जमिनीवर गाद्या-उशा टाकून बसण्याची ही पौर्वात्य रीत आणि तिचा शब्द इटलीच्या वाटेने युरोपात पोहोचला. तेथील गरीब माणूस शतकानुशतके पेंढा भरलेल्या पिशवीवर झोपे. श्रीमंताकडे लोकर, घोड्याचे केस किंवा पिसे असत. चांगला बिछाना ही इतकी मोलाची वस्तू होती की लोक मृत्युपत्रांत त्याची नोंद करीत. शेक्सपिअरने 1616 मधील आपल्या मृत्युपत्रात पत्नीला दुसऱ्या प्रतीचा पलंग त्यावरील साहित्यासह दिल्याचे प्रसिद्धच आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गिरण्या वाढल्या, शहरे दाटली, आणि मजुरांना परवडेल अशी स्वस्त गादी हवी झाली. त्यासाठी जुन्या कपड्यांच्या चिंध्या गोळा करून यंत्रात पिंजीत आणि तेच भरण गादीत घालीत. त्या चिंध्या कोणाच्या, कोठून आलेल्या, धुतलेल्या की तशाच, हे खोळीआड कोणास दिसणार? अखेर 1911 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला यासाठी खास कायदा करावा लागला. अशा भरणाच्या एक लक्ष भागांत धुऊन निघणाऱ्या क्लोरीनचे प्रमाण तीस भागांहून अधिक असता कामा नये, असे ठरले. घाम आणि मलमूत्र यांत क्षार असतात. ते धुऊन गेले नसतील तर क्लोरीनच्या प्रमाणावरून कळते. गृहिणी उंबऱ्यात उभी राहून जे डोळ्यांनी पाही, ते आता रसायनशाळेत पाहावे लागले! 1951 मध्ये या कायद्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला व त्यात इतर भरणांचाही समावेश झाला.

अमेरिकेतही हीच तक्रार होती. तेथील निरनिराळ्या राज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कायदे करून प्रत्येक गादीला चिठ्ठी शिवण्याची सक्ती केली. आत कोणता माल आहे, तो नवा की वापरलेला, हे तीवर छापावे लागे. आणि चिठ्ठी काढल्यास शिक्षा होईल, असा दमही खाली असे. हा दम होता विक्रेत्याला. पण पुष्कळ गिऱ्हाइकेच भिऊन वर्षानुवर्षे चिठ्ठी सांभाळीत आणि त्यावर विनोद होत. पुढे 'ग्राहकाखेरीज इतर कोणी काढू नये' असा खुलासा त्या मजकुरात आला.

दरम्यान गादीच्या पोटात पोलाद शिरले होते. कॅनडातील जेम्स मार्शल याने 1900 च्या सुमारास प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवण्याची युक्ती काढली. एका बाजूस कोणी कूस बदलली तरी शेजारच्यास हिसका बसेना. परंतु हे काम हातांनी होई, त्यामुळे किंमत फार. अमेरिकेतील सिमन्स कंपनीने त्यासाठी यंत्र तयार करविले आणि 1925 मध्ये 'ब्यूटीरेस्ट' ही गादी साडेएकोणचाळीस डॉलरला बाजारात आणली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरी चैनीची वस्तू हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

त्यानंतर आले रबर. 1929 मध्ये बर्मिंगहॅम येथील डनलॉप कंपनीतील संशोधकांनी रबराचा चीक अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेसून त्याची वडी पाडली आणि 'डनलॉपिलो' जन्मास आली. आपल्याकडे पुढे कोणत्याही मऊ बैठकीला 'डनलॉप' म्हणण्याची चाल पडली, ती यावरूनच. 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर याने पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्यापासून बनविलेला मऊ फोम 1950 नंतरच्या दशकांत स्वस्त होत गेला, आणि साध्या मिळकतीच्या माणसाला मऊ गादी परवडू लागली.

आता आपल्या माणसांकडे वळू. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या व प्रथम न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या. यजमानांच्या किंवा संस्थेच्या आश्रयाने राहणाऱ्यास गादी विकत घेण्याचा प्रश्न सहसा येत नसे. तो आला 1950 नंतर, नोकरीसाठी माणसे मोठ्या संख्येने जाऊ लागली तेव्हा. 1960 नंतरच्या दशकात परकीय चलनाच्या टंचाईमुळे देश सोडणाऱ्याला हाती जेमतेम तीन पौंड नेता येत. ब्रिटनमधील गिरण्यांच्या गावी आपल्या उपखंडातून गेलेले मजूर एका खोलीत दाटीने राहत. दिवसपाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच उबदार बिछान्यावर येऊन पडे. अशा घरांत स्वतःची गादी घेणे म्हणजे कुटुंबाला बोलावून घेण्याची तयारी असे. 1965 च्या नव्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले, आणि मराठी डॉक्टर व इंजिनियर तेथे संसार थाटू लागले.

परंतु स्वस्त फोमचा एक दोष प्राण घेणारा ठरला. तो झपाट्याने पेटतो व विषारी धूर सोडतो. 8 मे 1979 रोजी मँचेस्टर येथील वुलवर्थ्सच्या दुकानात फर्निचर विभागात आग लागून दहा माणसे मरण पावली. पुढे 1988 मध्ये ब्रिटनने फर्निचर व गाद्यांतील भरणासाठी अग्निसुरक्षेचे कडक नियम केले. अमेरिकेत जळत्या सिगारेटची कसोटी 1973 पासून होती. उघड्या ज्वाळेची कसोटी 1 जुलै 2007 पासून लागू झाली. गादीच्या पोटाची चौकशी पुन्हा एकदा कायद्यालाच करावी लागली.

अलीकडचा बदल आहे गादी गुंडाळण्याचा. फोममधील हवा काढून, घट्ट वळकटी करून ती पेटीत घालतात आणि थेट घरी पाठवितात. न्यूयॉर्कच्या कॅस्पर कंपनीने 2014 मध्ये हा व्यवहार विशेष गाजविला. शंभर रात्री झोपून पाहा, न आवडल्यास पैसे परत, अशी तिची बोली होती. इतरांनीही ती उचलली. एकट्या मुलीला तिसऱ्या मजल्यावर गादी चढविणे यामुळे सोपे झाले. मात्र परत पाठविण्याचा खर्च कोणाचा, डाग पडल्यास काय, हे अगोदर वाचून घ्यावे.

घेणाऱ्याने आणखी दोन-चार गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. नावावर न जाता माप पाहावे. 'किंग' म्हटलेली गादी ब्रिटनमध्ये पाच फूट रुंद असते, तर अमेरिकेत सहा फूट चार इंच. आईने प्रेमाने पाठविलेली चादर तेथे अपुरी पडते ती यामुळे. जर्मनीत दोघांच्या पलंगावरही पुष्कळदा दोन वेगळ्या गाद्या असतात. फोमची गादी घेताना दर घनमीटरला किती किलो, हे विचारावे. फार हलका फोम लवकर बसतो. स्प्रिंगची असल्यास स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या आहेत की वेगळ्या पिशव्यांत, हे पाहावे. कुशीवर झोपणाऱ्याला थोडी मऊ व पालथे झोपणाऱ्याला थोडी कठीण गादी सहसा मानवते. आणि रस्त्याच्या कडेला कोणी टाकून दिलेली गादी, विद्यार्थी कितीही अडचणीत असला तरी, घरात आणू नये. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्या देशांत ढेकूण पुन्हा बळावले आहेत. फुकटच्या गादीबरोबर ते आले, तर त्यांना घालविण्यास नव्या गादीहून अधिक पैसे लागतात. पैसे कमीच असतील तर पलंग मागाहून घ्यावा, गादी आधी. थोडे दिवस ती जमिनीवर घातल्याने काही बिघडत नाही. मधून मधून उभी करून खालची बाजू वाळू द्यावी, म्हणजे झाले.

पिंजारी परदेशात नाही, आणि आई उंबऱ्यात उभी राहू शकत नाही. परंतु आत काय भरले आहे, असे विचारण्याची आपली सवय मुलींना जरूर देता येईल. त्या चिठ्ठीमागे शंभराहून अधिक वर्षांची खटपट आहे. ती वाचूनच पैसे द्यावेत, आणि मग खुशाल पाय पसरावेत.