पदराची गाठ आणि संगणकाची आठवण



आपल्या आज्या काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायच्या. दुधाचा रतीब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायच्या. लिहिता येत नव्हतं, पण हिशेब चुकत नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसत होता, हाताला लागत होता. आज गटाची बचत, कर्जाचा हप्ता, अनुदान, सगळं मोबाइलमध्ये असतं. काचेवर बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही. "पैसे आले म्हणता, पण आले कुठं?" असं एखादी मावशी विचारते तेव्हा आपण हसतो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला आहे.

यंत्रातली माहिती पहिल्यापासून अशी अदृश्य नव्हती. सुमारे १८०४ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ जकार्ड यांनी मागाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं जोडली. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथं तो खालीच राही. म्हणजे सगळी नक्षी पुठ्ठ्यात साठवलेली. पुढे १८९० ची अमेरिकेची जनगणना अशाच भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. एक माणूस, एक कार्ड.

संगणकालाही दोनच गोष्टी कळतात: आहे किंवा नाही. त्यालाच एक आणि शून्य म्हणतात. आता ऐका, हे एक-शून्य बायकांनी हातानं कसं विणलं ते.

२० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला. त्या यानात एक छोटा संगणक होता. त्याला वाट दाखवणाऱ्या सूचना तांब्याच्या बारीक तारांत विणलेल्या होत्या. अमेरिकेतल्या वॉल्थम इथल्या रेथिऑन कारखान्यात बायका समोरासमोर बसत आणि तार ओवलेली सुई एकमेकींकडे देत. मध्ये चुंबकाच्या बारीक कड्यांची रांग असे. तार कड्यातून गेली की एक, कड्याच्या बाहेरून गेली की शून्य. असे छत्तीस हजारांहून जास्त शब्द त्या संगणकाच्या कायम आठवणीत होते. एक कार्यक्रम विणायला कित्येक आठवडे लागत. विणताना चूक झाली तर दुरुस्ती फार जिकिरीची, म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी व्हायची. पण एकदा नीट विणलं की वीज गेली तरी त्यातलं काही पुसलं जात नसे.

त्यांतल्या काहीजणींनी आधी कापडाच्या आणि घड्याळाच्या कारखान्यांत काम केलं होतं. हाताला सवय होती, नजर पक्की होती. अभियंते मात्र या आठवणीला थट्टेनं 'म्हाताऱ्या बायांची मेमरी' म्हणायचे. चंद्रावर चालणाऱ्यांची नावं शाळेत पाठ करून घेतात. विणणारणींची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

पुढे चिप आली. आठवण इतकी बारीक झाली की ती हातातून आणि नजरेतूनही सुटली. मग काहीजणांना वाटू लागलं, ती परत हातात आणावी. १९९२ मध्ये लंडनला शिकत असताना ड्युरेल बिशप यांनी फोनचे निरोप साठवणाऱ्या यंत्राची एक कल्पना मांडली. निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर पडायची. गोट्या किती, तेवढे निरोप. गोटी खळगीत ठेवली की निरोप ऐकू यायचा. फोनवर ठेवली की निरोप देणाऱ्याला फोन लागायचा. वाचायची गरजच नाही! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतले हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी हाच विचार पुढे नेला: माहिती पडद्यामागं कोंडू नका, ती हाताळता येऊ द्या.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर हे फार मोलाचं आहे. ब्रेलचं यंत्र संगणकाला जोडलं की त्याच्या पट्टीवर बारीक टाचण्या वर-खाली होतात आणि पडद्यावरची अक्षरं बोटांना कळतात. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे, त्यामुळे मराठीही अशी बोटांनी वाचता येते.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? हाताला लागेल ते मागासलेलं आणि काचेवर दिसेल तेच पुढारलेलं, असं काही नाही. ज्या हातांना गोधडीचा टाका आणि टोपलीची वीण कळते, त्या हातांना संगणक परका नाही.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. गटातल्या प्रत्येकीची एक वाटी ठेवा. तिचा हप्ता जमा झाला की तिनं स्वतःच्या हातानं त्यात एक चिंचोका टाकायचा. वर्षाअखेर चिंचोके मोजा आणि मोबाइलमधल्या नोंदींशी ताडून पाहा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं, तर पासबुक घेऊन सगळ्याजणी मिळून विचारायला जा. ज्या मावशीला वाचता येत नाही, तिलाही त्या दिवशी आपला हिशेब स्वतः सांगता येईल.

तेवढी गाठ आज पदराला मारून ठेवा.