वेसाव्याचा मासा आणि चिंचगुळाचा लेप

अंधेरी स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखानें पश्चिमेकडे गेलें म्हणजे कोळ्यांचें एक जुनें गांव लागतें. नकाशावर त्याचें नांव वर्सोवा. गांवची माणसें मात्र त्याला वेसावेंच म्हणतात. तेथील बाजारांत एखाद्या कोळणीपुढें बसून सुरमईच्या तुकड्यांचा भाव करतां करतां आपण सहज म्हणालों, कीं आज यांवर चिंचगुळाचा चकचकीत लेप चढविणार आहों, तर ती काय म्हणेल ? बहुधा इतकेंच म्हणेल : "ताजं म्हावरं हाय बाय, त्याला गूल कशाला ?"

आजचा विषय या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. हा आक्षेप अडाणीपणाचा आहे, असें मला वाटत नाहीं. मासळीवर गोड-आंबट लेप देण्याच्या चालीमागें जो इतिहास आहे, त्याचें मर्मच त्या बाईनें नकळत सांगितलेलें आहे.

मासा आणि आंबट यांची सोयरीक आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें राज्य कसें करावें येथपासून जेवावें काय येथपर्यंत सर्व विषय त्यांत आले आहेत. त्यांतील अन्नाच्या प्रकरणांत माशाच्या कृति आहेत. माशाचे तुकडे स्वच्छ धुवावे, चिंचेच्या कोळांत शिजवावे, गव्हाचें पीठ लावून तेलांत तांबूस तळावे आणि वरून सैंधव, वेलदोड्याची पूड व मिरपूड भुरभुरावी, असा एक प्रकार त्यांत सांगितला आहे. मिरची त्या काळीं या देशांत नव्हतीच. ती पुढें पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. ती वगळली, तर आजच्या कोंकणी स्वयंपाकघराशीं या कृतीचें नातें ओळखूं येण्याजोगें आहे. चिंच, आमसूल, कैरी यांपैकीं कांहीं तरी आंबट पडल्याशिवाय आपल्याकडे माशाचें कालवण पुरें होत नाहीं. गुळाचें मात्र तसें नाहीं. आपल्या घरांत चिंच आणि गूळ हीं जोडीनें नांदतात तीं वरणाच्या आमटींत, अळूच्या फतफत्यांत. माशाच्या तव्यापाशीं गूळ येतो तेव्हां तो पाहुणा असतो.

हा पाहुणा कोठून आला, हें पाहण्यासाठीं थोडें दूर, इराणांत जावें लागेल. ससानी राजांच्या दरबारांत सिकबाज नांवाचें एक पक्वान्न मोठ्या मानाचें होतें. त्या नांवांतला 'सिक' म्हणजे सिरका, ज्याला आपण आतां व्हिनेगर म्हणतों. मांस सिरक्यांत शिजवावयाचें आणि मध किंवा खजुराचा रस घालून आंबटाची धार बोथट करावयाची, असा तो प्रकार. इराणचें राज्य अरबांनीं घेतलें, पण दरबारी पक्वान्न त्यांनीं टाकलें नाहीं; दहाव्या शतकांत बगदादेस लिहिलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथांत सिकबाज दिमाखानें मिरवत आहे. पुढें हा पदार्थ समुद्रकांठीं पोंचला आणि मांसाच्या जागीं मासा आला. तेराव्या शतकांतील मिसर देशच्या एका कृतींत ताजा मासा पिठांत घोळून तळावा आणि मग सिरका, मध, कांदा, मिरी व केशर यांचें मिश्रण त्यावर ओतावें, असें सांगितलें आहे. तोच पदार्थ अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालांत गेला आणि सिकबाज या शब्दाचा तेथें 'एस्काबेचे' झाला.

आतां गंमत पाहा. या एका इराणी मूळाच्या दोन फांद्या दोन वाटांनीं मुंबईच्या किनाऱ्यास येऊन टेकल्या. एक वाट पारशांची. संजाणला उतरलेल्या या लोकांनीं गुजराथची भाषा घेतली, पेहराव घेतला, परंतु जिभेची आंबट-गोड खोड सोडली नाहीं. त्यांचा पातिओ म्हणजे कोळंबीचें किंवा माशाचें गूळ, सिरका वा चिंच आणि मसाला घालून आटविलेलें दाट कालवण. शुभप्रसंगीं भात आणि साध्या वरणाबरोबर तो असावाच लागतो. त्यांची 'सास' त्याहून सौम्य. अंडीं, सिरका आणि साखर यांनीं बांधलेल्या पांढऱ्या रसांत पापलेट शिजतें. नवसारीचा उसाचा सिरका या कामीं नामांकित आहे. पारशी पाकक्रिया थेट ससानी दरबारांतून उतरली, असें कोणी ठासून सांगूं लागल्यास मी त्याला थोडें थांबवीन. मधल्या शतकांत गुजराथच्या गोडीनेंही आपलें काम केलेलें आहे. परंतु चवीची घडण तीच आहे, यांत शंका नको.

दुसरी वाट पोर्तुगीजांची, आणि ती वेसाव्याच्या अगदीं दारांतून जाते. 1534 सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. तेव्हांपासून 1739 सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं हा मुलूख जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, साष्टीचा हा कांठ त्यांच्या अमलाखालीं होता. वेसाव्यासमोर खाडीपलीकडे मढला जो किल्ला आहे, तोही त्याच वर्षीं मराठ्यांकडे आला. 1774 च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हातीं पडली आणि 1782 च्या सालबाईच्या तहानें तेथेंच राहिली. त्या दोन शतकांत या कांठच्या लोकांस मिरची मिळाली आणि पाव मिळाला. शिवाय स्वयंपाकांत सिरका सढळ हातानें वापरण्याची संवय पोर्तुगीज अमलांत वाढलेल्या ख्रिस्ती घरांत रुजली. गोव्याच्या रेशाद मसाल्यांत सिरक्यांत वाटलेल्या लाल मिरच्यांबरोबर चिमूटभर साखर पडते, ती याच परंपरेंतली. सिरक्याला लागणारी माडी आणि गोडीला लागणारा ऊस यांची आपल्या किनाऱ्यावर वाण नव्हती. वसईच्या बागायती उसाबद्दल प्रसिद्धच होत्या.

असें असूनही वेसाव्याच्या कोळीवाड्यांत हा लेप घरचा झाला नाहीं. दोन शतकें शेजार, सर्व साहित्य हाताशीं, आणि तरी गूळ माशापासून दूर राहिला. असें कां व्हावें ?

माझ्या मतें याचें उत्तर चवींत नाहीं, टिकाऊपणांत आहे. सिरका आणि मीठ यांनीं मासा नासण्याचें काम मंदावतें, म्हणून तळलेला मासा एस्काबेचेंत बुडवून ठेवला तर तो कांहीं दिवस चालतो. ज्याला मासा आज मिळाला पण चार दिवसांनीं खावयाचा आहे, त्याच्यासाठीं ही युक्ति. गोडी आली ती आंबट सुसह्य करण्यासाठीं. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर खालीं कारवार-मलबारकडे हीच युक्ति व्यापारानें चालविली. बांगडे आणि सुरमई मीठ व आंबट फळांच्या वाळल्या साली यांसह लांकडी पिपांत दाबून भरीत आणि सिंहलद्वीपास पाठवीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या पिपांचा व्यापार मोठा होता आणि त्या रीतीस नांवच कोलंबोचें पडलें होतें.

वेसाव्याला याची गरज नव्हती. जो मासा त्या दिवशीं खपावयाचा तो होडींतून उतरतांच टोपलींत जाई. उरलेला टिकविण्यास ऊन, वारा आणि मीठ हीं पुरेशीं होतीं. बांबूंच्या मांडवांवर जबड्यांत जबडा अडकवून टांगलेले बोंबील ज्यांनीं वेसाव्यास पाहिले आहेत, त्यांना हें समजावून सांगावयास नको. ऊन फुकट, गूळ विकतचा. ज्या घरांत जाळें आहे त्या घराला फुकटचें सोडून विकतचें घेण्याचें कारण काय ? आंबट-गोड रस ही किनाऱ्यापासून आंत राहणारांची, प्रवाशांची आणि पैसेवाल्यांची वस्तु होती. म्हणूनच ती कोळीण गुळाचें नांव काढतांच कपाळाला आंठ्या घालते. तिच्या पिढ्यांच्या अनुभवांत ताज्या माशावर दाट रस ओतणें म्हणजे कांहीं तरी झांकणें. आणि हा संशय आजही सोडूं नये. मसाल्याच्या आणि पाकाच्या जाड थराखालीं शिळा मासा बेमालूम दडतो, हें खानावळींत जेवणाऱ्या कोणास माहीत नाहीं ?

मग बर्फ आला. 1830 नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेंतील बोस्टनहून जहाजांत भरून आलेला बर्फ मुंबईनें प्रथम पाहिला. तो श्रीमंतांच्या पेयांसाठीं होता, माशांसाठीं नव्हे. पण पुढें येथेंच बर्फाचे कारखाने झाले, बर्फ बंदरावर पोंचला आणि मासा टिकविण्याचा भार सिरक्यावरून उतरला. आंबट-गोड रसाला आतां केवळ चवीसाठीं जगावयाचें होतें. म्हणून तो पातळ झाला, थोडा झाला, माशाला बुडविण्याऐवजीं वरून चाटून जाऊं लागला. रसाचा लेप झाला. जपानांतही मासा भाजतांना सोयाबीनचा खारट अर्क, तांदळाची गोड मदिरा आणि साखर यांचा लेप फिरवितात. त्या प्रकारास तेरियाकी म्हणतात, आणि त्या शब्दांतल्या 'तेरी'चा अर्थच मुळीं चकाकी असा आहे.

घरीं हा लेप करणें अगदीं सोपें आहे. सुरमईच्या चार तुकड्यांस लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी ऊन पाण्यांत भिजवून तिचा कोळ काढावा. त्यांत दोन मोठे चमचे किसलेला गूळ, लहान चमचाभर तिखट, चार ठेंचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि थोडी मिरपूड घालून मंद विस्तवावर आटवावें. मीठ बेतानेंच घालावें, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढतो. भांडें कल्हईचें किंवा पोलादाचें असावें. कल्हई उडालेल्या पितळेंत चिंच कधीं उकळूं नये. चमच्याच्या पाठीवर रस धरला आणि त्यांत बोटानें ओढलेली रेघ मिटली नाहीं, कीं भांडें उतरावें. एकतारी पाकापर्यंत नेऊं नये. निवल्यावर तो आणखी घट्ट होतो. चिंच येथें नुसत्या आंबटपणासाठीं नाहीं. तिच्यांतील आम्ल गुळांतील साखरेचें कांहीं अंशीं विघटन करतें, म्हणून पाक रवाळ न होतां गुळगुळीत आणि चमकदार राहतो.

तुकडे मीठ-हळद लावून पाव तास ठेवावे, टिपून कोरडे करावे आणि नेहमींप्रमाणें थोड्या तेलावर दोन्हीं बाजूंनीं परतावे. लेप लावावयाचा तो अगदीं शेवटीं, विस्तव कमी करून, एका बाजूस एक चमचा याप्रमाणें. अर्ध्या मिनिटांत उलटून तव्यावरून काढावें. येथेंच बहुतेकांची चूक होते. आरंभींच लेप चोपडला, तर मासा आंत शिजण्यापूर्वींच गूळ जळून कडू होतो, कारण तापलेल्या तव्याची उष्णता साखर करपण्याच्या मर्यादेपलीकडे सहज जाते.

सुरमई, रावस, हलवा यांचे जाड तुकडे या लेपास उत्तम. पापलेटही चालतें, पण त्याची स्वतःची गोडी इतकी नाजूक असते, कीं त्यावर गूळ घालण्यास माझा हात धजत नाहीं. ओल्या बोंबलाच्या वाटेस जाऊंच नये. त्याच्या अंगांत पाणी फार. तें सुटलें कीं लेप वाहून तव्यावर करपतो आणि बोंबील पांढराफटक राहतो. तो आपला पाट्याखालीं दाबून, तांदळाच्या पिठांत घोळवून तळावा.

आणि लेप लावण्यापूर्वीं एक तुकडा नुसत्या मीठ-हळदीवर परतून, तसाच खाऊन पाहावा. तो चांगला लागला, तरच उरलेल्या तिहींवर लेप चढवावा. नाहीं लागला, तर दुसऱ्या दिवशीं बाजारांत गेल्यावर टोपली बदलावी.