चाफळच्या मठातली माणसे

डाना झोहर आणि इयान मार्शल यांचे ‘आध्यात्मिक बुद्धिमत्ता’ या विषयावरचे पुस्तक २००० साली आले. पुढे ही संज्ञा कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या शिबिरांतून फिरू लागली. माणूस हुशार आहे, स्वभावानेही बरा आहे. पण आपण हे काम कशासाठी करतो, याचे उत्तर त्याच्याजवळ आहे का, असा तिचा साधा अर्थ. शिबिर बहुधा एका दिवसाचे. सकाळी ध्यान, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. सोमवारी तोच साहेब आणि तीच फाइल!

पाटण तालुक्यात, उंब्रजच्या पश्चिमेला मांड नदीच्या खोऱ्यात चाफळ आहे. समर्थ रामदासांनी तिथे १६४८ मध्ये राममंदिर उभारले आणि तिथून आपला संप्रदाय चालवला. शिवाजी महाराजांची आणि त्यांची पहिली भेट कधी झाली, हा वाद आज बाजूला ठेवू. इतक्या दूरदूरच्या मठांना पुरतील अशी माणसे समर्थांनी घडवली कशी, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

‘दासबोध’ हा वीस दशकांचा, दोनशे समासांचा ग्रंथ. त्यातला एकोणिसावा दशक शिकवणीचा आहे. ब्रह्म, माया, मोक्ष यांची चर्चा करणाऱ्या या ग्रंथात त्या दशकाचा पहिलाच समास कशावर आहे? अक्षर कसे काढावे, यावर! शाई, टाक, कागद कसे हवेत. ग्रंथाच्या शेवटापर्यंत अक्षराचे वळण एकच कसे राहावे. पानाच्या कडेने जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाही. लिहिणाऱ्याने आपल्यामागून वाचणाऱ्याचा विचार करायचा. परमार्थाची परीक्षा इथे रोजच्या कामातच होते, आणि ती लपवता येत नाही.

दुसरा धडा झोळीचा. भिक्षा मागताना अहंकार गळतो, हे तर खरेच. पण समर्थांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहिली. दारोदार फिरणाऱ्याला गाव कळते, माणूस पारखता येतो. आजच्या भाषेत सांगायचे तर नव्या अधिकाऱ्याला आधी खेडी पायी फिरवण्यासारखेच हे.

आणि तिसरी गोष्ट, जी शिबिरवाल्यांना सहसा जमत नाही. महंताने आपल्यासारखे महंत तयार करावेत आणि त्यांना देशोदेशी पाठवावे, असे दासबोध सांगतो. शिकवून जवळ बसवून घ्यायचे नाही. कल्याणस्वामी परांड्याजवळ डोमगावला गेले. मिरजेच्या मठाची सूत्रे वेणाबाईंकडे आली. बालविधवा बाई उभी राहून कीर्तन करते, ही गोष्ट त्या काळी समाजाला पचणारी नव्हती. त्यांना केवळ उपदेश करून समर्थ थांबले नाहीत, त्यांनी अधिकार दिला. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. ज्याच्या हाती काहीच सोपवायचे नाही, त्याला कामाचा अर्थ शोधायला सांगणे ही थट्टा आहे.

म्हणून चाफळात सगळे देवदूतच होते असे मात्र नाही. समर्थ शके १६०३ मध्ये गेले आणि थोड्याच काळात शिष्यांत कारभारावरून तंटा लागला. तो मिटवण्यासाठी छत्रपती संभाजी महाराजांना पत्रे पाठवावी लागली. पुढे चाफळची गादी समर्थांच्या थोरल्या बंधूंच्या वंशात गेली. योग्यता पाहून माणूस नेमणाऱ्या संप्रदायातही अखेर वारसा आलाच. समर्थांनी लावलेली शिस्त गादीपाशी टिकली नाही, ती टिकली दूर गेलेल्या माणसांच्या हातांत.

कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातली दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात राहिली. दोनशेहून अधिक वर्षांनी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ग्रंथ छापायला घेतला, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो याच प्रतीचा.